अकरा लाल सळ्या आणि बारावी

सुनावणी दहाला होती आणि आम्ही पावणेनऊलाच जाऊन बसलो होतो. दोष माझा. गाडी चुकेल, कागद राहील, लिफ्ट बंद असेल, या धास्तीनं मी सगळीकडे तासभर आधी पोचते आणि तो तास नव्या धास्त्या शोधण्यात घालवते.

पेटंट कार्यालयाचा तिसरा मजला. लांबलचक पॅसेज, भिंतीला लागून लाकडी बाकं, कोपऱ्यात पाण्याचं मशीन. एका बाकावर सासूबाई आणि त्यांना चिकटून माझी चार वर्षांची मुलगी. घरात साखरेचा दाणा सांडला तरी पहिली हजर, म्हणून तिचं नाव मुंगी पडलं. आदल्या दिवशी ती खोकली होती. दोनदा. सासूबाईंच्या मते एकदाच, दुसऱ्यांदा ती हसली होती. पण मी शाळा बुडवून तिला आजीसकट बरोबर आणलं होतं.

समोरच्या बाकावर आमच्या ओतशाळेचे भट्टीवाले काका. अडतीस वर्षं भट्टीपुढे काढलेला माणूस. आज इस्त्रीचा शर्ट घालून असा ताठ बसला होता, जणू फोटो काढायचाय. पायांशी पत्र्याची पेटी. पेटीत बोटभर जाडीच्या पितळी सळ्या, अकरा मोडलेल्या आणि टोकाला लाल रंग दिलेल्या, बारावी बिनरंगाची आणि आकड्यासारखी वाकलेली. खाली दारावरच्या पहारेकऱ्यानं पेटी उघडायला लावली होती.

"हे काय आहे?"

"पुरावा," काका म्हणाले.

"कशाचा?"

"अकरा माझ्या गाढवपणाच्या. एक ताईंच्या हुशारीची."

"तसं नाहीये हो काका," मी म्हटलं, पण पहारेकऱ्याला काकांचं म्हणणं पटलं असावं. त्यानं आम्हाला वर सोडलं.

प्रकरण थोडक्यात असं. मी एका लहानशा ओतशाळेत धातूची परीक्षा करते, म्हणजे तिथली प्रयोगशाळा मी, आणि मदतनीसही मीच. साडेतीन वर्षांपूर्वी आम्ही नळांसाठी शिसं अजिबात नसलेलं पितळ तयार केलं. त्याचं पेटंट मिळालं, त्यावर माझं आणि काकांचं नाव आहे. मग नळ बनवणाऱ्या एका बड्या कंपनीनं विरोध नोंदवला. यात शोध कसला? हे तर त्या कामातल्या कुठल्याही जाणकाराला सहज सुचलं असतं! आज त्याचा निकाल लागायचा होता. पेटंट टिकलं तर माझी प्रयोगशाळा राहणार होती. गेलं तर मालक म्हणाले होते, "मग आपण आपली साधी ओतकामंच केलेली बरी, नाही का?" आमचे मालक इतक्या मऊ आवाजात बोलतात तेव्हा त्यांचं ठरलेलं असतं.

आणि खरं सांगायचं तर प्रयोगशाळेपेक्षाही तो "सहज" शब्द मला खुपत होता. सहज! मला त्या वर्षी सहज झोपही येत नव्हती.

मुंगी पोटात होती तेव्हाची गोष्ट. सातव्या महिन्यात मला काय वाटलं कोण जाणे, घरच्या नळाचं सकाळचं पहिलं पाणी बाटलीत भरलं आणि तपासायला पाठवलं. त्यात शिसं निघालं. फार नाही, पण निघालं. पितळेत शिसं घालतात ते लेथवर धातू कातायचं काम सोपं जावं म्हणून. शिसं असलं की पितळेचा कीस बारीक तुटून पडतो. नसलं की तो केसांच्या बटांसारखा लांबच लांब निघतो, हत्याराला गुंडाळतो, मशीन थांबवावं लागतं. म्हणजे लेथ नीट चालावा म्हणून माझ्या मुलीनं शिसं प्यायचं! मी त्या दिवसापासून दर सकाळी नळ पाच मिनिटं सोडून ठेवायला लागले आणि सासूबाई माझ्यामागे तो बंद करत फिरायला लागल्या.

बाळंतपणाची रजा संपवून कामावर गेले ती हेच डोक्यात घेऊन. शिशाऐवजी मॅग्नेशियम घालून पाहायचं. काकांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. मॅग्नेशियम वितळलेल्या पितळेत टाकताना पांढराशुभ्र उजेड फाकतो, डोळे दिपतात. काका मॅग्नेशियमला "चमको" म्हणायचे.

"ताई, चमको चिमूटभर ठीक आहे. जास्त झाली की पितळ बिस्किटासारखं मोडतं. मी स्वतः चारदा बघितलंय. तुम्ही यायच्या आधी."

पितळ मोडतं की नाही हे बघायची काकांची एक पद्धत होती, आणि मी पाहिलेल्या प्रत्येक ओतशाळेत तीच पद्धत होती. वितळलेल्या मालातून एक सळी वाळूच्या साच्यात ओतायची. लाली जरा उतरली की चिमट्यानं उचलून बादलीतल्या पाण्यात. चर्रर्र! मग ऐरणीवर ठेवून हातोडा. वाकली तर माल पास, मोडली तर टोकाला लाल रंग आणि लाल वहीत नोंद. सगळं पाच मिनिटांत. भट्टी पेटलेली असते, माणसं खोळंबलेली असतात, सळी आपोआप थंड व्हायची वाट कोण बघणार? मला हीच परीक्षा कॉलेजात दुसऱ्या वर्षी शिकवली होती, आणि मला त्यात पूर्ण मार्क होते.

तर काकांच्या चार आणि माझ्या सांगण्यावरून सात. अकरा सळ्या मोडल्या. बारावीच्या दिवशी मॅग्नेशियम होतं शंभर रुपयांत नव्वद पैसे, म्हणजे एक टक्क्याहून थोडं कमी. सळी साच्यात ओतली, काकांनी चिमटा उचलला, आणि माझा फोन वाजला. पाळणाघर.

"मॅडम, बाळाचं अंग गरम लागतंय."

मी हातमोजेसुद्धा न काढता धावले. काका मागून ओरडले, "अहो ताई, रिक्षा कुठं शोधत बसता!" आणि त्यांनी मला आपल्या स्कूटरवर घातलं. बाळाला दात येत होता. एवढंच. पण तोवर ओतशाळा बंद झाली होती, आणि सळी रात्रभर वाळूतच राहिली.

सकाळी काकांनी ती उकरून काढली. ऐरणीवर ठेवली, हातोडा घातला आणि हातोडा उसळला. पुन्हा घातला. सळी ठण्ण वाजली आणि वाकली. काकांनी आणखी तीन घाव घातले, ती आकड्यासारखी वळली, पण तुटली नाही. काका चक्क जमिनीवर बसले.

"ताई, ही कोणाची सळी आहे?"

"आपलीच."

"मग हिला काय झालं?"

मी तिचं सरळ राहिलेलं टोक कापून लेथवर चढवलं. कीस तांदळाच्या कण्यांसारखा खाली पडला, बारीक, एकसारखा. मी ओरडले. माझ्या ओरडण्यानं लेथवाला घाबरून मशीन बंद करायला धावला, आणि मी त्याला "चालू ठेव, चालू ठेव" म्हणून नाचत होते. ते सगळं आजही आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो.

पुढचे पाच महिने आम्ही फिरून फिरून तेच केलं. मॅग्नेशियम कमी असलं तर कीस लांब. जास्त असलं तर सळी कशीही थंड करा, मोडणारच. मधला एक छोटासा पट्टा, आठ दशांश टक्क्यापासून एक पूर्णांक एक दशांश टक्क्यापर्यंत, तेवढ्यातच दोन्ही जमायचं, आणि तेही साच्यातच सावकाश थंड केलं तर. सूक्ष्मदर्शकाखाली दिसायचं ते: पाण्यात बुडवलेल्या सळीत मॅग्नेशियमची जाळी पसरलेली, वाळूत निवलेल्या सळीत तेच गोल गोल मणी झालेले. पेटंटात मी स्वच्छ लिहिलं, "सळी हाताला सोसवेल इतकी थंड होईपर्यंत साच्यातच ठेवावी."

दहाला दार उघडलं. त्याआधी एक गोष्ट झाली. लिफ्टमधून विरुद्ध बाजूची मंडळी उतरली, आणि त्यांच्यात माझे सर होते. दुसऱ्या वर्षी मला धातू शिकवणारे सर. आपला जाणकार म्हणून कंपनीनं त्यांनाच आणलं होतं. कागदांवर नाव वाचलं होतं मी. मी सवयीनं उभी राहिले.

"अगं, बस बस. ही मुलगी तुझी? काय गं, आईसारखी घाबरट आहेस का?"

"नाही," मुंगी म्हणाली. "मी मुंगी आहे."

सर मनापासून हसले. त्यांनी मला कागदांवर नुसतं हरवलं असतं तर एक वेळ चाललं असतं. असं प्रेमानं बोलून हरवणार होते.

आत लांब टेबल. टोकाला सुनावणी अधिकारी, पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या बाई. समोर भिंतीवर पडदा. आमच्या बाजूला वकीलबाई, मी आणि काका. त्यांच्या बाजूला जाड चष्म्याचे एक वकील आणि सर.

चष्मेवाल्या वकिलांनी सुरुवात छान केली, मला मान्य करावं लागेल. त्यांच्याकडे दोनच कागद होते. एक जुनं हस्तपुस्तक, त्यात लिहिलेलं की पितळेत चिमूटभर मॅग्नेशियम घातल्यास कीस जरा आखूड होतो. दुसरा एका तांब्याच्या पत्र्याबद्दलचा लेख, त्यात मॅग्नेशियम दीड टक्क्यापर्यंत.

"पहिल्या कागदात दिशा, दुसऱ्यात अंतर," ते म्हणाले. "मध्ये कुठेतरी थांबायचं, एवढंच उरलं. त्याला शोध म्हणायचं का?"

"त्याच हस्तपुस्तकात पुढच्या ओळीत लिहिलंय की प्रमाण वाढवल्यास पितळ ठिसूळ होतं," आमच्या वकीलबाई म्हणाल्या. "दिशा दाखवून पुढे फाटक लावलंय."

"फाटक ढकलून बघतोच की जाणकार माणूस. आणि तसं ढकलल्याचा पुरावा आपणच दिलाय." त्यांनी एक प्रत उचलली. लाल वहीची प्रत होती ती.

ती वही मी दिली होती. वकीलबाईंनी मला दोनदा बजावलं होतं, "बघा हं, हे दुधारी आहे." पण मला वाटलं होतं, अकरा वेळा जाणकार माणसानं माल फेकून दिला, यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

"काका," चष्मेवाले गोड आवाजात म्हणाले, "आपण अडतीस वर्षं भट्टीवर आहात. म्हणजे जाणकारच."

"असं म्हणतात."

"यातल्या पहिल्या चार नोंदी या ताई तुमच्याकडे येण्याआधीच्या आहेत. मॅग्नेशियम तुम्ही स्वतःच्या मनानं वाढवलं होतं?"

"हो."

"कोणी सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"म्हणजे तुम्हाला सुचलं."

काकांनी माझ्याकडे बघितलं. खोटं त्यांना येत नाही. एकदा रजेसाठी आजारी असल्याचं सांगायला फोन केला आणि मालकांनी "काय होतंय?" विचारल्यावर "काही नाही, लग्नाला जायचंय" म्हणाले होते.

"सुचलं," काका म्हणाले. "पण मोडली, साहेब."

"मी मोडली का विचारलं नाही. सुचलं का, एवढंच विचारलं. धन्यवाद."

अधिकारीबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. तो पेनचा आवाज मला अजून ऐकू येतो. मग म्हणाल्या, दुपारी दोनला पुढचं.

पॅसेजमध्ये काका पेटीशेजारी बसून राहिले. डबा उघडला नाही.

"मी घालवलं, ताई. आधी सळ्या नापास केल्या, आता हे. नाही म्हणायला हवं होतं."

"खोटं बोलला असतात तर मी तुमच्याशी बोलले नसते," मी म्हटलं. डोळ्यांसमोर प्रयोगशाळेची खोली येत होती, टेबल रिकामं, सूक्ष्मदर्शक खोक्यात भरलेला.

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मुंगीच्या तोंडात घास घातला आणि आमच्याकडे असं बघितलं, जसं शाळेत नापास झालेल्या दोन मुलांकडे बघावं.

"मला तुमचं मॅग्नेशियम कळत नाही. पण एवढं सोपं होतं तर त्या कंपनीनं आधी का नाही केलं? तिच्याकडे माणसं कमी आहेत का? आणि ते तुझे सर? जन्मभर वर्गात हेच शिकवत होते ना, मग त्यांनी का नाही केलं? आता तुम्ही करून दाखवलंत तर सगळ्यांना सोपं वाटतंय. माझी भाकरी गोल झाली की तुझा नवरा पण म्हणतो, यात काय विशेष!"

वकीलबाई चहाचा कप हातात धरून ऐकत होत्या. "आजी, तुम्ही आत येता का? माझ्या अशिलाची फी वाचेल."

"येते की. पण ही झोपेल आता."

ही झोपायच्या बेतात अजिबात नव्हती. काकांची पेटी उघडी होती आणि मुंगी त्यात हात घालून सळ्या चाचपत होती. मी झडप घालून तिचा हात ओढला. मोडलेल्या धातूच्या कडा, बोट कापलं असतं तर? बोटं तपासली. कापलं नव्हतं, पण काळी झाली होती.

"काय लावलंस हे?"

"ही वाकडीवाली घाण आहे, आई. हिला वाळू लागलीये. बाकीच्या गुळगुळीत आहेत."

मी ओल्या रुमालानं बोटं पुसली, एकेक, नखांच्या आतूनसुद्धा, कारण मी तशीच आहे. रुमालावर काळी पूड आणि दोन वाळूचे कण आले. बरोबरच होतं. साच्यात रात्रभर राहिलेल्या सळीवर काळपट साल तशीच राहते, वाळूही चिकटते. बादलीत पडलेल्या सळीची साल पाण्याला टेकताक्षणी तडतडून गळून जाते, खालून स्वच्छ पिवळा धातू दिसतो. मी ते रोज बघत आले होते, म्हणून कधी त्याकडे लक्षच दिलं नव्हतं.

दोनला सरांची पाळी आली.

सरांनी आमचं पेटंट दुसऱ्या बाजूनंही पाडायला घेतलं होतं. त्यांनी कंपनीच्या ओतशाळेत आमच्या कृतीनं, नव्वद शतांश टक्का मॅग्नेशियम घालून सळी ओतली होती आणि ती मोडली होती. म्हणजे सहज सुचण्यासारखंही आणि वर कामाचंही नाही! अहवालाची प्रत आमच्याकडे महिनाभर आधीच आली होती. मी त्यातली प्रत्येक ओळ पाठ केली होती. "नमुना ओतला, थंड केला, तोडून पाहिला." बरोबर एक फोटो होता, झेरॉक्समधला, काळाठिक्कर. मी रात्रंदिवस डोकं फोडलं होतं की आमची सळी यांच्याकडे का मोडली. आमच्याकडे कुठे चुकलं? मापात? तांब्यात?

"हा तो नमुना," चष्मेवाले म्हणाले, आणि भिंतीवरच्या पडद्यावर फोटो उजळला. मूळ फोटो. रंगीत.

मोडलेले दोन तुकडे, पांढऱ्या कागदावर. गुळगुळीत. पिवळे. लख्ख पिवळे!

माझ्या मांडीवर तो काळा रुमाल होता. मी रुमालाकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. छाती इतकी धडधडायला लागली की मला वाटलं अधिकारीबाई "शांतता" म्हणतील. कागद ओढला, लिहिलं, अक्षर मलाच ओळखू येईना: "विचारा, पाण्यात बुडवली होती का." वकीलबाईंकडे सरकवला.

त्यांनी वाचलं आणि ओठ न हलवता कुजबुजल्या, "उत्तर माहीत नसलेला प्रश्न मी विचारत नाही."

"मला माहीत आहे."

"नक्की?"

"माझ्या मुलीला विचारा."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि उभ्या राहिल्या. तोवर काकांनी माझी चिठ्ठी उलटी करून वाचली होती, आणि त्यांनी पडद्याकडे बघून तोंडावर हात दाबून धरला. त्यांनाही दिसलं होतं. अडतीस वर्षांचे डोळे!

"सर," वकीलबाई म्हणाल्या, "हा नमुना आपल्यासमोर ओतला गेला?"

"माझ्या स्वतःच्या हातानं. चिमटाही मीच धरला होता. हात अजून थरथरत नाहीत माझे."

"छान. ओतल्यापासून तोडेपर्यंत किती वेळ गेला?"

"नेहमीचा. पाच-सात मिनिटं."

"पाच मिनिटांत एवढी जाड सळी हातोडा मारण्याइतकी थंड झाली?"

"पाण्यात टाकल्यावर होणारच की," सर सहज म्हणाले.

चष्मेवाल्या वकिलांनी मान वळवली.

"बादलीत?" वकीलबाईंनी विचारलं.

"हो. बादलीत. ती तर..." सर थांबले.

"पेटंटातला चौथा परिच्छेद वाचता का?"

सरांनी कागद घेतला. वाचायच्या आधीच त्यांना कळलं होतं, मी त्यांचा चेहरा वर्षभर पहिल्या बाकावरून बघितलेला आहे. तरी त्यांनी मोठ्यानं वाचलं, वर्गात वाचायचे तसं स्पष्ट. "सळी हाताला सोसवेल इतकी थंड होईपर्यंत साच्यातच ठेवावी."

"हे आपण आधी वाचलं होतं?"

"दोनदा."

इथे अधिकारीबाई पहिल्यांदाच मध्ये बोलल्या. "मग सर, वाचूनही पाण्यात का बुडवलीत?"

चष्मेवाले उठायला लागले. सरांनी त्यांना हातानं बसवलं.

"कारण सळी पाण्यातच बुडवतात," ते म्हणाले. "मी बुडवत आलो, माझ्या सरांनी बुडवली. लिहिलेलं समोर होतं, पण हात बादलीकडेच गेला. खरं सांगू का बाई? मला दुसरं काही सुचलंच नाही."

"माझे प्रश्न संपले," आमच्या वकीलबाई म्हणाल्या आणि बसल्या. टेबलाखाली त्यांनी माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

चष्मेवाल्यांनी बराच प्रयत्न केला. थंड करायची रीत ही किरकोळ बाब, वगैरे. अधिकारीबाईंनी काकांच्या पेटीतली बारावी सळी मागवली, हातात घेतली, बोटांना लागलेली काळी पूड बघितली, मग पडद्यावरच्या पिवळ्या तुकड्यांकडे बघितलं. मग काकांना विचारलं, "तुमच्या अकराही सळ्या पाण्यातल्या?"

"अकराच्या अकरा, बाई."

"बारावी पण बुडवणार होतात?"

"चिमटा हातात होता. यांच्या बाळाला दात आला म्हणून राहिली."

अधिकारीबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी ते लिहून घेतलं. मग निर्णयासाठी त्या आत गेल्या.

चाळीस मिनिटं. पॅसेजमध्ये मी किती फेऱ्या मारल्या ते मुंगीनं मोजलं. ती एकोणीसपर्यंत मोजू शकते, तीनदा संपलं. काकांनी आता डबा उघडला आणि सगळा खाल्ला. सासूबाई म्हणाल्या, "बस गं, फरशी झिजेल." मला वाटत होतं, आता काहीतरी निघेल. एखादं कलम, एखादी तारीख, माझीच एखादी सही चुकलेली. असं चांगलं चाललंय म्हणजे काहीतरी राहिलंय नक्की.

दार उघडलं.

बाईंनी उभ्यानंच वाचलं. भाषा कोरडी होती, पण मला शब्द न् शब्द पाठ झालाय. धातूचं प्रमाण आधीच्या कागदांच्या मध्ये पडतं हे खरं. परंतु जाणकार माणसानं ते वाढवलं असतं तरी त्याच्या रूढ परीक्षेनं त्याला दर वेळी मागेच फिरवलं असतं. पेटंट समोर उघडं असतानाही विरोधकांच्या तज्ज्ञाच्या बाबतीत हेच घडलं. सबब हा शोध सहज सुचण्यासारखा नव्हता. विरोध फेटाळण्यात येत आहे. पेटंट कायम.

काका एवढ्या मोठ्यानं "हो!" म्हणाले की शेजारच्या खोलीतून कोणीतरी डोकावलं. मी रडायला लागले आणि हसायलाही. वकीलबाई फाइल आवरताना गुणगुणत होत्या. बाहेर मी मुंगीला उचलून गरागरा फिरवलं, तिला चक्कर येईल हे ध्यानात यायच्या आत.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"टिकलं, आई! टिकलं!"

"मग? मी जेवतानाच सांगितलं होतं."

जिन्यात सर भेटले. मी म्हटलं, "सर, सॉरी."

"सॉरी कसली? ती बादली तुला मीच शिकवली ना?"

"दुसऱ्या वर्षी."

"आणि मी तुला पूर्ण मार्क दिले होते!" त्यांनी कपाळावर हात मारला आणि दोन पायऱ्या उतरून परत वळले. "एक सळी पाठव मला. साच्यासकट. मुलांसमोर फोडतो. म्हणजे साचा, सळी नव्हे."

मालकांना मी फोन केला. ते मोठ्या आवाजात बोलले. इतक्या मोठ्या की मी फोन कानापासून लांब धरला.

दुसऱ्या दिवशी मुंगी शाळेत गेली, मी कामावर. भट्टी पेटली होती. काकांनी मॅग्नेशियम टाकलं, चमको लखलखली, सगळ्यांनी डोळे मिटले. सळी वाळूत ओतली. काकांचा हात चिमट्याकडे गेला, मी बघितलं, गेलाच. मग त्यांनी बादलीतलं पाणी ओतून दिलं, ती उपडी ठेवली आणि साच्यासमोर तिच्यावर बसले, हाताची घडी घालून.

इतक्यात माझा फोन वाजला. शाळा. मुंगी खोकली होती म्हणे. किती वेळा? एकदा. किंवा हसली असेल.

मी सळीकडे बघितलं, मग पर्सकडे.

"जा ताई," काका बादलीवरून न उठता म्हणाले. "हिला काही घाई नाही."